माझ्या नावाची सही

सुजित,

रात्रपाळी करून झोपलायस, म्हणून उठवलं नाही. रिपोर्ट शोधताना येत्या सोमवारच्या अँजिओग्राफीचा फॉर्म सापडला. ‘सर्व धोके मला समजावून सांगितले आहेत’ असं छापलंय, खाली माझी सही. ती मी केलेली नाही. अर्जुनचा रफार असा वळवून तू काढतोस.

चाकणच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी तपासणीत होतो. गेज लावून माप तपासल्याशिवाय एका पार्टवर ओकेची सही केली नाही. आणि माझ्याच घरात पोटच्या मुलानं मला न विचारता मलाच पास केलं. शिसारी आली.

हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय, डोकं शाबूत आहे. या तपासणीत नसेत सोडतात त्या औषधानं किडनी बिघडू शकते, हे मला दवाखान्यात होतो तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनं सांगितलं. तपासणी टाळली तर ब्लॉकेज कळणार नाही, हेही समजतं. कुठला धोका पत्करायचा ते मी ठरवीन.

तुझा फॉर्म फाडलाय. रिक्षानं डॉक्टरांकडे चाललोय. सगळं विचारीन, पटलं तर नव्या फॉर्मवर सही करीन. सकाळच्या गोळ्या घेतल्यात, सूनबाईला, रुपालीला सांग. तू आलास तरी डॉक्टर माझ्याशी बोलत असताना मध्ये बोलू नकोस.

खरी सही खाली आहे. बघून ठेव.

अर्जुन दिगंबर कदम