डोहातले सात, अकरा, चौदा

८ फेब्रुवारी, खालापूर
टॅग लावलेले वीस खडस मासे डोहात सोडून पाच आठवडे झाले. आज पाण्याखालची यंत्रं काढून आकडे उतरवले. सोळांचा पत्ता नाही. प्रवाहाविरुद्ध वर चढले असं धरलंय. क्र. ९ ठीक. क्र. ७, ११, १४ तर झकास! तिघं एकत्र, दिवसभर वरखाली. प्रकल्पप्रमुख सरांना लगेच अहवाल: 'कळप करून आहेत, तब्येत उत्तम.' सर खूश. आता डोहातली मासेमारीबंदी वाढवून मिळणार. दोन वडापाव हाणले.

११ फेब्रु.
वाडीवर. जानकीमावशी चुलीपाशी. माझ्या शब्दावर हिने वाडीला राजी केलं, म्हणून दोन वर्षं डोहात ना पागाचं जाळं, ना गळ. खडस वाढले की सगळ्यांना मासा, असं मीच सांगितलं होतं. पोरांच्या ताटात भात नि मिरची.
फुशारकीने मोबाइलवर पाण्यातल्या खोलीचा आलेख दाखवला. दर थोड्या वेळाने तिघं पाण्याच्या वर येतात, पुन्हा खाली.
"ह्ये दम घ्यायला येतंय गं. खडस कवा वर येऊन दम घेतो?"
"मग?"
"मरळ हाय ती. तुजं तिघं तिच्या पोटात हायत."
मी हसले. 

१२ फेब्रु.
सकाळपासून आलेख उलटेपालटे. क्र. ७ पहिले पंधरा दिवस तळाशी, खडकांत, वाहत्या पाण्यात. मग एका दुपारी अचानक संथ कडेला, नि वरखाली सुरू. दोन दिवसांनी ११ तसाच. मग १४. त्यानंतर तिघांची वर यायची वेळ मिनिटाला मिनिट जुळते. इतकं ढळढळीत, नि मी गाढव, 'कळप' लिहिलं! गिळल्यावर सिग्नल बदलणारे टॅग मिळतात. आपण साधे घेतले.
सर फोनवर: "कोण म्हणतं? ती बाई? पुरावा आण. तोवर अहवाल आहे तसाच राहू दे."

१५ फेब्रु.
मावशीने बेडकी लावून गळ टाकला. दोन वर्षांत पहिल्यांदा. वाडीतल्या चार बाया काठावर. दुपारी लागली. चांगली मांडीएवढी.
पोट चिरलं. कोयत्याच्या टोकाशी एक, दोन, तीन टॅग. पदराला पुसून तिने माझ्या हातावर ठेवले. ७. ११. १४.
मावशी म्हणाली, "दरसाल शिमग्याआधी आमी डोहातली मरळ काढायचो, मंग बारीक मासा वाढायचा. तू म्हणलीस गळ नको. नाय टाकला."
"अगं, मग सांगितलं का नाहीस?"
"तू इचारलंस कवा?"
 धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं. एक बाई उठून तडक निघून गेली. बाकीच्यांनी मरळ वाटून घेतली, मलाही वाटा दिला. खाल्ला नाही. नाही, खोटं. खाल्ला.

१६ फेब्रु.
नवा अहवाल लिहिला. बंदीमुळे मरळ माजली. सोडलेले मासे आपणच तिला चारले. वर चढले म्हणून धरलेल्या सोळांचंही तेच झालं असेल, कोण जाणे.
सरांचा मेसेज: 'बैठकीपर्यंत पाठवू नकोस.' बंदी वाढवायची बैठक शिमग्यानंतर. म्हणजे तोवर बंदी कायम, नि मरळी काढायची वेळही टळली.
पाठवलेला नाही. भित्री आहे मी.

१८ फेब्रु.
सकाळी पाठवून टाकला. सरांचा फोन चार वेळा वाजला. घेतला नाही.
डोहावर. क्र. ९ एकटा उरलाय. सकाळभर तळाशी, वाहत्या पाण्यात. दुपारपासून दोनदा वर आला. दोनदाच. खडसही वर येतो कधी, किडा टिपायला. नऊचा टॅग अजून खडसाच्याच अंगात असेल नि तोच गळाला लागला, तर शेवटचा जिवंत मासा मी मारला. आणि मरळ असेल तर...
मावशी गळ घेऊन उभी. "टाकू का?"
"तुला काय वाटतं, मावशी?"
तिने माझ्याकडे बघितलं. मग खडकावर बसली. "थांब. बगू दे."
ऊन उतरलं तरी बसलोय दोघी. बेडकी अजून डब्यात आहे.