निम्म्या कोंबड्या आणि मागचे दार

मी, कालिंदी वामन सेलूकर, वय ६८, अविवाहित, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार क्रांती चौकामागची गल्ली, औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मोडला तो खुबा. पुतण्या हेमचंद्र या दोहोंत गल्लत करतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे.

१. घर माझ्या कमाईचे आहे. ते कलम ५ मधील अटीवर हेमचंद्रला द्यावे. तो मला आवडतो म्हणून नव्हे. वडील गेल्यावर दादाने स्वतःचे शिक्षण सोडून माझी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटातली फी भरली. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर मला नोकरी लागली ती त्या शिक्षणावर. मरताना दादाने हा मुलगा माझ्या पदरात घातला. शब्द दिला तो दिला.

२. दीड वर्षापूर्वी पडल्यापासून मी माडीवर आहे. डॉक्टर म्हणतात, आधार दिला तर जिना उतरेन. आधाराचा विषय निघाला की घरातल्या सगळ्यांना कामे आठवतात. परसात उघडणाऱ्या मागच्या दाराला हेमचंद्रने कुलूप घातले. "आत्या, तुझ्याच भल्यासाठी." किल्ली तो जानव्याला बांधून हिंडतो. कोंबड्या खाली, मी वर. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर कडक होत्या, पण त्यांचेही मागचे दार दुपारी उघडत असे. तिथेच, स्वयंपाकघरामागे, मी पहिले पिल्लू हातात घेतले होते.

३. कोंबड्यांविषयी. मी निवृत्त झाले तेव्हा आमच्याकडे भांडी घासणाऱ्या सरूबाई गव्हाणे, मूळ कन्नड तालुक्यातल्या, यांनी मला एक खुडूक, अंड्यांवर बसायला आलेली कोंबडी निम्म्या वाट्याने दिली. कोंबडी त्यांची, अंडी आणि दाणा माझा, पिल्ले निम्मी निम्मी. एकवीस दिवस कोंबडी उठवायची नसते, हे मला ठाऊक नव्हते. मी तासातासाला अंडी बघत असे. सरूबाई म्हणाल्या, "बसू द्या की तिला, बाई. फोन जोडायलेत का तुम्ही, सारखं उचलून बघायला?"

वाटणी मात्र दर वर्षी "पुढच्या खेपेला" म्हणून राहिली. गेल्या दिवाळीत हेमचंद्रने कोंबडीवाल्याला बोलावले. बोळातल्या फाटकातून आलेल्या सरूबाई खुराड्यासमोर उभ्या राहिल्या.

"निम्म्या माझ्या हायेत, साहेब."

"मग तुझ्या ने."

"माझ्या कोणत्या, ते बाईच सांगतील."

मी खिडकीतून ओरडले, "वाटणी व्हायची आहे!" हेमचंद्र कोर्टात कारकून आहे. अविभक्त हिस्सा म्हणजे काय, हे त्याला समजते. कोंबडीवाला रिकामी पाटी घेऊन गेला. तेव्हापासून वाटणी होऊ नये, हीच माझी काळजी.

माझा निम्मा हिस्सा, खुराडे, पिल्लांची बल्ब लावलेली पेटी आणि बोळातल्या फाटकापर्यंतचे परस सरूबाईंना द्यावे. बँकेतली शिल्लक दाण्याला.

४. सूनबाई दमयंतीला कोंबड्यांचा वास येतो. "ब्राह्मणाच्या घरात हे असलं!" असे ती गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणते. ऑम्लेट ती हॉटेलात खाते. तिला माझी हिमरू शाल द्यावी. नाकाला लावायला पुरेल.

५. महिन्यापूर्वी सरूबाईंनी एक अधू पिल्लू माझ्या खिडकीतून दोरीने सोडलेल्या टोपलीतून वर पाठवले. माझ्या टेबलावरच्या दिव्याखाली ते सावरले. परवा माझ्या खोलीचे दार उघडे राहिले आणि ते जिन्याने खाली गेले. त्याच्या उड्यांच्या आवाजावरून मी पायऱ्या मोजल्या. सतरा.

माझे प्रेत पुढच्या दाराने नेऊ नये. मागच्या दाराने, खुराड्यासमोरून, बोळातून न्यावे. असे न झाल्यास घरही सरूबाईंना मिळावे. त्या दिवशी तरी हेमचंद्रने जानव्याची किल्ली सोडावी.

हेमचंद्र चहा सांगायला खाली गेला असताना हे दोघा साक्षीदारांना वाचून दाखवले व तिघांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या. कागद डॉक्टरांच्या बॅगेत जात आहे. निदान तो तरी खाली उतरेल.

औरंगाबाद, २३ जानेवारी १९९८
(सही) कालिंदी वामन सेलूकर

साक्षीदार:
१. (सही) डॉ. श्रीधर बेलापुरे
२. (सही) कडूबा साळवे, कंपाउंडर