मैत्रिणीचा पाय आणि माझा हात

२२ जानेवारी, बुधवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि दोन्ही वानरं मजेत असाल असं धरून चालते. मीही मजेत. फोन असताना हिला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक. दुसरं कारण पुढे येईलच.

मैत्रिणीच्या ज्या मोडलेल्या पायासाठी मी इथे येऊन राहिले, त्याची तू दर वेळी चौकशी करतोस. बरा आहे. म्हणजे तसा बराय, पण हाडाचं काम, वेळ लागायचाच. तिचं लोकरीचं दुकान सध्या मीच उघडते नि मीच बंद करते.

तुला स्वेटर विणतेय, हे तुझ्या बायकोने सांगितलं असेलच. तिच्या पोटात काही राहत नाही. क्रोशाचा हुक मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा हातात धरला. मैत्रीण प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून मास्तरीण झाली. आधी साखळी: फासातून दोरा ओढायचा, की नवा फास, त्यातून पुन्हा ओढायचा. मग मुका खांब, म्हणजे बुटका टाका. मग हुकावर एक वेढा जास्त घेऊन उंच खांब. ऐकायला सोपं. मी चौकोन विणायला बसले आणि झाला त्रिकोण, कारण प्रत्येक ओळीचा शेवटचा टाका मी विसरत होते. मी लोकरीला नावं ठेवली. ती म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं.

मग आला नमुना. स्वेटरला हात घालण्याआधी वीतभर चौकोन विणायचा, त्यावर टेप ठेवून एका इंचात किती टाके बसतात ते बघायचं, आणि त्यावरून स्वेटरचे टाके ठरवायचे. मला वाटलं, तेवढ्या वेळात अर्धी पाठ होईल. तिने काही ऐकलं नाही. नमुना झाला, हिशेब झाला, पाठ विणली, आणि ती तुझ्या मापाला तंतोतंत उतरली. दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

पुढे मुलांच्या परीक्षेसाठी मी तुमच्याकडे आले, तेव्हा पुढचा भाग तिथे विणला. तेवढेच टाके, तोच हुक, तीच लोकर. परत येऊन दोन्ही भाग काउंटरवर पसरले, तर पुढचा भाग चांगला चार बोटं अरुंद. टाके असे घट्ट की त्यात हुक शिरेना. मी म्हटलं, लोकरच वेगळी आली असणार. मैत्रीण तेव्हा शिडीवर चढून वरच्या फळीवरचे गुंडे काढत होती.

हो, शिडीवर. तिचा पाय ठणठणीत बरा होऊन महिना झाला. तुला मी थापा मारल्या.

ती खाली उतरली, दोन्ही भागांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हात आवळलाय. तिकडे कुणी मागे लागलं होतं का गं तुझ्या?"

मला हसू आलं. मग हसता हसता रडू आलं, ते काही केल्या थांबेना. गिऱ्हाईक बिचारं दारातूनच परत गेलं.

कुणी मागे लागलं नव्हतं, हे आधी नीट वाच. तुझी बायको मला जपते, मुलं गळ्यात पडतात, तू तर काय तूच. पण आई गेल्यापासून घरात माझा एक कान कुकरकडे असतो आणि एक बेलकडे. मांडीवर लोकर असली तरी मी अर्धी उठलेलीच असते. इथे दुपारी दुकानात कुणी नसलं की मी पाय पसरून बसते आणि कुणाचं काही अडत नाही. मला ते फार आवडतं, धाकट्या.

तो घट्ट भाग मी उसवला. आणि परत यायचं नाही, असं ठरवलं. दुकानावरची खोली भाड्याने घेतली आहे. शनिवारी नवशिक्यांचा वर्ग मीच घेते. त्रिकोण करणाऱ्या बायका माझ्याकडे पाठवतात, कारण मला तो आजार आतून माहीत आहे.

तू म्हणशील, लोक म्हणतील भावाने बहिणीला बाहेर काढलं. त्यांना सांग, ताईला नोकरी लागली, हल्ली फार भाव खाते. स्वयंपाकघर तुझी बायको माझ्यापेक्षा झकास चालवेल. सुट्टीत मुलं इथे पाठव. हे फोनवर सांगितलं असतं, तर तू नुसतं "ताई, ये गं" म्हणाला असतास आणि मी बॅग भरली असती. म्हणून पत्र.

तू रागावशील. चार दिवस बोलणार नाहीस, मलाही त्या चार दिवसांत जेवण जाणार नाही. पण मी मागे फिरणार नाही.

राग ओसरला की एखाद्या रविवारी ये. तू शाळेत होतास तेव्हापासून तुला वाढलं, पण काय घेशील म्हणून कधी विचारलं नाही. विचारतात पाहुण्याला, आणि माझ्याकडे कधी कुणी पाहुणं आलंच नाही. मला घरच कुठे होतं? आता आहे. वर आलास की बेल वाजव. मी दार उघडून तुला म्हणेन, या, बसा. हे माझ्या दारात मला कुणाला तरी म्हणायचं आहे, आणि पहिला तूच हवास.

तुझी ताई
(यापुढे मुक्काम इथेच)