तेरणेची वाळू, तुम्हाला कळावं म्हणून

अहो,

एकदा उन्हाळ्यात शेणसडा आटोपून, घागर घासून मी तेरणा नदीत उतरले, तर तुम्ही आधीच वाळूत गुडघ्यांवर बसून पाण्यासाठी हातानं झिरा उकरत होतात. "थांब, गढूळ हाय अजून. पहिलं पाणी नदीचं, मागचं आपलं," म्हणालात आणि पहिल्या वाट्या वाळूतच ओतून दिल्या. मग कसं नितळ पाणी आलं! उन्हाळाभर सारं गाव अशाच झिऱ्यांवर जगायचं. आठवतं ना?

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. पिंड सोडायला गेलेला आपला दत्ता गुडघाभर चिखलात रुतला. तिथं वाळू राहिलीय कुठं? वाळू उपसणाऱ्या यंत्रांनी खालची काळी माती उघडी पाडली. आता झिरा उकरायचा तरी कशात? म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

घरी आलो तर तुमचे चुलतभाऊ, आपले सरपंच, दारात उभे. "वहिनी, उद्या ग्रामसभा हाय. वाळूघाटाच्या लिलावाला गावाची शिफारस लागती. नुसता हात वर करा. ठेकेदार देवळाला सभामंडप बांधून देतोय."

"भाऊजी, नियमात तर विहिरीजवळची वाळू काढायची न्हाय असं हाय. वाळू उरलेला आपला घाट तर विहिरीला लागूनच की!"

"तुमी लई वाचायला लागल्या, वहिनी!"

वाचते तर! पुड्यांचे कागद जुळवत अक्षरं शिकले, तेव्हा तुम्हीही हसायचात. चावडीवर लावलेला नियम दोनदा वाचून आले होते मी.

पण खरा घोर निराळाच होता. तो मंडप व्हावा, ही तुमची इच्छा. दवाखान्यातसुद्धा तेच बोलत होतात. देवाचं नाव निघालं की तुम्ही कधी कुणाला न्हाय म्हटलं का हो? मग मी न्हाय म्हणायचं, म्हणजे तुमच्याच इच्छेला आडवं जायचं. एवढं अवघड काम माझ्यावर टाकून गेलात!

आणि विहीर आटली, तर पोरीबाळींनी पाण्याला जायचं कुठं?

मंडप व्हायचा राहणार न्हाय, हा माझा शब्द. त्याच्यासाठी मी वर्गणी मागत दारोदार फिरेन, उशीर लागला तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत सगळ्यांचे हात वर गेले, तेव्हा मी उभी राहिले, "माझा विरोध लिहून घ्या" म्हणाले आणि लिहिलेल्या त्या ओळीपुढं सही केली.

तुमची,
कौसल्या