चार तुकड्यांचं दार

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार, चिमणीला गालगुच्चा. माझं पोट, झोप सगळं ठीक आहे, म्हणजे तो विषय संपला. आता ऐक.

शाळेची घंटा वाजली की चिमणी चक्कर येऊन पडते ना, तिच्यासारखाच दोष असलेल्या हृदयाच्या पेशी मी इथे प्रयोगशाळेत वाढवते. पेशीच्या पडद्यात क्षारांसाठी इवलीशी दारं असतात. प्रथिनाचे चार तुकडे गोलाकार जुळले की एक दार. त्यात एखादा तुकडा वाकडा निघाला, तर पेशी मोठी चिकित्सक, ते दार आतच अडवून ठेवते, पडद्यापर्यंत पोचूच देत नाही. मग अचानक आवाजाने दचकलं की हृदयाचा ठेका चुकतो आणि चक्कर येते.

काल पेशींचं उबदार कपाट माझ्याकडून नीट बंद झालं नाही. सकाळी पेशी गारठलेल्या. आमचे सर म्हणाले, "फेकून दे." मी हट्टाने तपासल्या, तर दारं चक्क पडद्यात बसलेली आणि उघडत होती. गारव्यात तेच तुकडे सावकाश, नीट जुळले होते. सर खुर्ची ओढून बसले ते जेवायलाही उठले नाहीत.

म्हणजे तुकडे कुचकामी नाहीत गं. ते आपल्या घराण्यातून आले म्हणून स्वतःला दोष देत बसू नकोस. हे अजून औषध नव्हे. चिमणीची गोळी चुकवू नका, आणि तिला गार पाण्याने आंघोळही घालू नकोस, तुझा काही नेम नाही. परत चक्कर आली होती का? खरं सांग.

दाराची बेल काढलीत, ती तशीच राहू दे. मी आले की बाहेरून हळूच हाक मारीन.

तुझी,
धाकटी