पंजाबदादाच्या मोटारीचं तेल

१३ नोव्हेंबर १९४६, बुधवार. तिवसा, मळ्यावर.

सकाळी दादाच्या अस्थी वेचल्या. गाडगं आत्यानं बांधावरच्या कडुलिंबाला टांगलं. दहाव्यापर्यंत कौंडण्यपूरला वर्धा नदीत सोडायच्या. वहिनींची इच्छा, त्या दादाच्याच मोटारीतून जाव्या. त्यांना स्वतःला त्या मोटारीत कधी बसायला मिळालं नाही. पुढच्या सीटवर नेहमी वांग्यांची टोपली. दादा म्हणायचा, हंगाम सरू दे.

मी शब्द दिला. परवा निघायचं. अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये माझी रजाही दहाव्यापर्यंतच आहे.

चालवण्याचा प्रश्न नाही. दादाच्या शेजारी टोपली मांडीवर घेऊन पुष्कळदा बसलो आहे. प्रश्न तेलाचा. पेट्रोल कुपनावर मिळतं म्हणून दादानं या जुन्या मोटारीत डिझेलचं इंजिन बसवून घेतलं. अकोल्याचा मिस्त्री बजावायचा, इंजिनातलं तेल पाहत जा. ते आटलं की इंजिन जाम. आत एक लोखंडी काडी असते, तिच्यावर दोन खुणा. तेल दोन्हींच्या मध्ये पाहिजे. सोपं आहे.

संध्याकाळी. इंजिन चांगलं तापू दिलं, बंद केलं, लगेच काडी काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली. बरं झालं पाहिलं. डबा आणला तर आत्यानं हात धरला. "दहा दिवस घरात कोनाच्या डोक्शाले तेल नाही, अन् तू हिले पाजतं? मोटार पंजाबाची ना? मंग तिलेबी सुतक." वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये. डबा ठेवून दिला.

१४ नोव्हेंबर, सकाळी.

पुन्हा काडी काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर! थेंबही घातला नव्हता. आत्या म्हणाली, "पंजाबच येऊन घालून गेला." माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. फक्त नोंद करतो.

वहिनींनी विचारलं, "मंग निंघू ना, भाऊजी?" म्हटलं, कमी तेलापेक्षा जास्त तेल वाईट. शिवाय तेल काळं आहे. दादानं दिवाळीतच बदललं होतं, आणि आता डांबरासारखं! वहिनी म्हणाल्या, "त्या इंजिनाचं तेल दुसऱ्याच दिवशी कायं होते. हे म्हनत, डिझेलचं असंच असते." दादा पुष्कळ गोष्टींना असंच असते म्हणायचा.

परवा नक्की.

१५ नोव्हेंबर.

मूळ दोष सापडला. जागा सपाट नाही. मिस्त्रीनं दादाला सांगितलेलं आज नीट आठवलं: मोटार सपाट जागी पाहिजे, इंजिन बंद करून थोडं थांबायचं, काडी पुसायची, पुन्हा पूर्ण घालायची, मग काढून वाचायची. मी फक्त पहिली काढलेलीच वाचत होतो. आता अडचण राहिली नाही.

परातीत पाणी घेऊन ती मोटारीखाली ठेवली. पाणी एका अंगाला. उजव्या चाकाखालची माती काढली. मग पाणी दुसऱ्या अंगाला. दुपारपर्यंत चारही चाकं खड्ड्यात गेली, पण सारखी गेली. दुखवट्याला आलेली मंडळी ओसरी सोडून इकडेच बसली. शेजारच्या मळ्याचे नत्थुजी म्हणाले, "चंद्रभान, मोटार पुरून राहिला का पेरून राहिला?" लोक हसले. सुतकाच्या घरी हसणं बरं नव्हे.

इंजिन तापवून, थांबून, पुसून पाहिलं. मध्याच्या जरा वर. थोडं जास्त थांबून पाहिलं. आणखी जरा वर. नेमकं किती थांबायचं हे मिस्त्रीनं सांगितलेलं नाही. दिवसभर चालू-बंद करून मापं घेतली. दोन मापं सारखी येत नाहीत, तोवर जबाबदारी घेता येणार नाही.

१६ नोव्हेंबर.

रात्री विचार केला: काळ्या तेलात खूण दिसणार कशी? सगळं तेल खालून बादलीत काढलं. माझ्या धोतरातून गाळलं. काळंच. परत ओतताना आत्या आली. मी म्हटलं, तिचंच तेल तिला परत देतो आहे. आत्यानं विचार केला, म्हणाली, "तिचंच असन तं चालते." पण धोतरानं बरंच पिऊन टाकलं. आता तेल खरोखरच कमी, आणि नवं घालायला सुतक आड येतं. माझी तयारी पूर्ण आहे. हातच बांधलेले आहेत.

१७ नोव्हेंबर, रविवार.

वहिनींनी सरळ विचारलं, "भाऊजी, तुमाले त्याह्यले न्यायचं हाये का नाही?"

मी म्हटलं, तेल.

त्या म्हणाल्या, "ते काडी काढत, धोतराले पुसत, अन् चालले जात. इतकं कोनी पाह्यते?"

दादा काहीच मोजत नसे. तापही मोजला नाही. अंग भाजत असताना पहाटे कोबीला पाणी द्यायला गेला. घरात थर्मामीटर होतं. मीच अकोल्याहून आणून दिलं होतं. त्यावरचा कागदसुद्धा काढलेला नाही.

संध्याकाळी कडुलिंबाखाली थोडा वेळ बसलो. मग काडी पाहिली. कमीच.

१८ नोव्हेंबर.

आत्यानं निकाल फिरवला. "पंजाबाले न्याले तेल लागते ना? मेलेल्याच्या कामाले सुतक नाही. घाल." आता दहा दिवसांचा नियम दहा दिवसांचा असतो. आत्यासारख्या बाईनं तो मोडावा, याचं आश्चर्य वाटलं. लोकांसमोर नाही म्हणता येईना. घातलं. जास्त झालं. काढलं. कमी झालं. घातलं. प्रत्येक वेळी इंजिन तापवून, थांबून.

१९ नोव्हेंबर, सकाळी.

तेल बरोबर! दोन मापं सारखी. तेल दोन्ही खुणांच्या बरोब्बर मध्ये. वहिनींना सांगितलं, आवरा. त्या नवं लुगडं नेसता येत नाही म्हणून धुतलेलं नेसून आल्या. आत्यानं गाडगं उतरवून त्यांच्या ओटीत दिलं.

थोड्या वेळानं.

इंजिन सुरू होत नाही. हँडल मारून हात सोलले. नत्थुजींनी टाकीत वेताची छडी घातली. कोरडी आली. सहा दिवस तेल मोजण्यासाठी जे चालवलं, त्यात डिझेल संपलं. डिझेल अमरावतीशिवाय मिळत नाही, आणि उद्या दहावा. मी नत्थुजींच्या लक्षात आणून दिलं की डिझेल मोजायचं मला कोणीच सांगितलं नव्हतं.

वहिनी हसल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. नत्थुजी म्हणाले, "माह्या बैलांच्या दमनीत चाला, बाई." वहिनी सीटवरून उतरेनात. "त्याह्यची मोटारच पायजे." नत्थुजींनी डोकं खाजवलं. "मंग मोटारीलेच बैल जुंपू."

मी तांत्रिक हरकती सांगितल्या. कोणी ऐकल्या नाहीत.

२० नोव्हेंबर. कौंडण्यपूर, नदीकाठ.

पहाटे निघालो. खड्ड्यातून मोटार काढायलाच चार माणसं लागली. बैल पुढे, नत्थुजी बॉनेटवर, स्टिअरिंगवर मी. वहिनी पुढच्या सीटवर, गाडगं मांडीवर. वाटेतल्या गावांत लोक बाहेर येऊन पाहत. वहिनींनी काच खाली घेतली आणि त्या रस्ताभर बाहेर पाहत होत्या. मोटार कुठेही बंद पडली नाही.

दादाला नदीत सोडलं. गाडगं मीच पालथं केलं. फार वेळ लागला नाही.

परत वर आलो. इथली जमीन सपाट आहे. इंजिन पूर्ण थंड होतं. काडी पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल बरोबर मध्ये. कालच्यापेक्षा केसभरही कमी नाही. इतकं अचूक माप आजवर मिळालं नव्हतं.

दादाला दाखवावं म्हणून काडी धरून वळलो. नत्थुजी बैल जुंपून उभे होते.

"चाल चंद्रभान," ते म्हणाले. "पाहून झालं असन तं बस."