आधी मृत्युपत्र, मग सुरी

मुलुंड (पूर्व),
बुधवार

प्रिय मधुकरभावजी यांस,
उत्तरावहिनीचे अनेक आशीर्वाद. सौ. शेवंतीलाही. तुमचा गुडघा कसा आहे? शेवंतीचा दमा पेणच्या हवेत बरा असेल. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, प्रत्यक्षात क्षेम काही नाही. वि. वि. म्हणजे विनंती विशेष. त्यातलं विशेष आधी सांगते, विनंतीचं मागाहून बघू.

तुमच्या बंधुराजांना हर्निया झाला आहे. (कुठे ते लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या.) दिवाळीत मी नको नको म्हणत असताना माळ्यावरचा भाजणीचा डबा काढायला स्टुलावर चढले आणि उतरले ते पोट धरूनच. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, करून टाका. तर हे म्हणाले, आधी मृत्युपत्र, मग सुरी. तेही नेमकं मी देवापाशी दिवा लावत असताना. तिन्हीसांजेला असले शब्द तोंडातून काढू नयेत एवढं बाहत्तराव्या वर्षी तरी कळावं की नाही? तेव्हापासून कमरेला पट्टा बांधून हिंडताहेत. खोकला आला की भिंत धरतात, शिंक आली की मला धरतात. डॉक्टरांनी दिलेल्या तारखा यांनी बाजारात भाजी नाकारावी तशा नाकारल्या. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ज्याचं आतडं त्याला सांगायचं सोडून मला सांगतात, आणि मी काय करू? पट्टा आवळू?

बरं, मृत्युपत्र करायला किती वेळ लागतो? तळमजल्यावरचा चंद्रप्रकाश नुकताच वकील झालाय, त्याने बिचाऱ्याने एका बैठकीत कागद तयार करून दिला. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना काही मिळणार ते चालत नाहीत, म्हणजे मी, विद्याधर आणि सूनबाई बाद. तो पोरगा जाता जाता भलत्याच चांगुलपणाने म्हणाला की काका, साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण बघा, मागे राहणारे. झालं. मी आधी जाणार हे तू कोण ठरवणार, म्हणून हे त्याच्यावर जे उखडले ते तडक उठून नाना रेडकरांकडे गेले. नाना चौऱ्याऐंशीचे. दुसरे अंबादास मास्तर, तेही यांच्यापेक्षा मोठेच. यांचं म्हणणं, सहीला वजन हवं, काल मिसरूड फुटलेल्यांच्या सहीला कोण विचारतो. पोहे झाले, दोनदा चहा झाला, सह्या झाल्या. नाना जाताना मला म्हणाले की वहिनी, आता निर्धास्त राहा. आणि पंधरवडा उलटायच्या आत नानाच गेले.

साक्षीदार गेला म्हणून मृत्युपत्र बाद होत नाही, हे चंद्रप्रकाशने घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. पण ऐकतील तर तुमच्या घराण्यातले कसले! मेलेला माणूस कोर्टात साक्ष द्यायला येणार आहे का, हा यांचा सवाल. कागद फाडला, नवा केला, आणि नानांच्या जागी बोलावलं कुणाला, तर नानांच्या थोरल्या भावाला. (हो, थोरल्या.) ते पेन हातात धरून बसल्या जागी झोपले. अर्धा तास आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत बसलो, शेवटी त्यांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. अंबादास मास्तरांनी मात्र झोकात सही केली आणि खाली उतरताना जिन्यात घसरून मांडीचं हाड मोडून घेतलं. जिवंत आहेत, देवाची कृपा, पण सोसायटीला तेवढं पुरलं.

आता यांना जिन्यात पाहिलं की लोक काहीतरी विसरल्यासारखं करून परत वर जातात. सेक्रेटरी यांच्यासमोर साध्या पावतीवरसुद्धा सही करत नाहीत. समोरच्या मालनताईंच्या दोन्ही बाळंतपणांत डिंकाचे लाडू मी पोचवले होते. काल त्यांनी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाल्या, "काकू, रॉकेलच्या रांगेत तुमच्यासाठी दिवसभर उभी राहीन, पण सही तेवढी मागू नका." चंद्रप्रकाश स्वतः करतो म्हणाला, तर त्याची आई आडवी आली. मुलाचं लग्न ठरलंय म्हणे. शिकलेली माणसं ही! बाहेरून कुणाला आणावं, तर घरातली गोष्ट चव्हाट्यावर नको, इति तुमचे बंधू.

आणि हे सगळं म्हणे माझ्यासाठी. दर रविवारी विद्याधर कांदिवलीहून येतो आणि आईची सोय या विषयावर बापलेक बोलत बसतात. मी तिथेच लसूण सोलत असते, पण माझ्याकडे कुणी बघत नाही. हे आधी जाणार आणि मी मागे राहणार, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. माझं मरण कुणाच्या खिजगणतीतच नाही. मला घर नकोय, भावजी. मला हे हवेत, पट्ट्याशिवायचे. झोपेत खोकले तरी मी उठून बसते. मला भीती वाटते, आणि ती या घरात कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

तर आता विनंती. येत्या रविवारी तुम्ही आणि शेवंती दोघं या आणि सह्या करून जा. तुम्ही यांच्याहून बारा वर्षांनी धाकटे, विहिरीचं पाणी पिणारे, तुम्हाला काही होत नाही. तुम्हा भावांचं तीन वर्षं बोलणं बंद आहे ते मला ठाऊक आहे. सही करायला बोलावं लागत नाही.

कळावे, आणि कळून गप्प बसू नये.

तुमची,
उत्तरावहिनी

ता. क. येताना पोह्याचे पापड आणा. इथले मेले तळणीत फुलतच नाहीत.

ता. क. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होते, तर हे मागे येऊन उभे. कुणाला पत्र, म्हणाले. मी सांगून टाकलं. तर म्हणाले, "मधू चालणार नाही." मग मात्र माझा तोल सुटला. आबांच्या वर्षश्राद्धाला, ब्राह्मण पानावर बसलेले असताना, एका तांब्याच्या बंबावरून तुम्ही दोघं कसे भांडलात, तो इथे आणून यांनी काय दिवे लावले (आमच्याकडे गॅसवर पाणी तापतं, बंब गॅलरीत उभा आहे आणि मी त्यात कांदे ठेवते), सगळं काढलं. तर हे खाली बघत म्हणाले, "अगं, कायद्यानेच चालत नाही. बंब त्याच्या नावाने लिहिलाय." पहिल्या कागदापासून लिहिलाय म्हणे. मग आत्ताच का देत नाही, असं मी विचारलं, तर म्हणतात, त्याने मागायला नको का?

तेव्हा भावजी, विनंती बदलली आहे. रविवारी या आणि आल्याबरोबर बंब मागा. तो तुम्हाला दिला की चंद्रप्रकाश कागदातून बंब काढून टाकील, तुम्हाला मिळण्यासारखं काही उरणार नाही, आणि मग तुमची सही चालेल. सोमवारी सकाळी मी यांना दवाखान्यात नेते. तारीख मी घेऊन ठेवली आहे, यांना सांगितलेली नाही. भांडलात तरी चालेल, पण बसून भांडा. उभ्याने ओरडायला डॉक्टरांनी यांना मनाई केली आहे.